सूनबाईंनी कोणत्या महिन्यात यावं?

काकू, सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा आठ वर्षं झाली, जर्मनीत हॅम्बुर्गला आहे. सून तिथलीच. नातू साडेतीन वर्षांचा झाला. दोघांनी ठरवलंय की एक अख्खं वर्ष सोलापुरात आमच्याजवळ काढायचं. दोघांचंही काम घरूनच चालतं. आनंद तर आहेच, पण उन्हाळ्याच्या काळजीने माझी झोप उडाली आहे. सून आजवर एकदाच आली, तीही जानेवारीत, दहा दिवस. तिला वाटतंय सोलापूर बारा महिने तसंच असतं. परवा व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, ‘आई, तुमच्याकडे ऋतू किती? बॅगेत काय काय भरू?’ मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. मुलगा म्हणतो जूनमध्ये येतो, तिला पाऊस दाखवायचाय. आमचे हे म्हणतात, मे महिन्याचं आत्ता काही बोलू नकोस, नाहीतर यायचीच नाहीत. आल्यावर बघू, फार तर दोन महिने महाबळेश्वरला पाठवू. एसी घ्यावा का, पोराला इथलं ऊन-पाणी सोसेल का, आणि तिला खरं किती सांगू?

— एक सासू, जुळे सोलापूर

ताई,

तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की सोलापूरचा मे महिना आजवर कुणाला लपवता आलेला नाही. सून फोनमध्ये गावाचं नाव टाकेल आणि आकडा तिच्यासमोर येईल. कदाचित आलाही असेल, आणि तुम्ही स्वतःहून कधी सांगताय याची ती वाट बघत असेल. तेव्हा लपवाछपवीचा विषय आपण इथेच मिटवू. आकडा तिला फोन सांगेल. आकड्यात न मावणारं ते तुम्ही सांगायचं.

आधी महिन्याचं बोलू, कारण तिकिटं अजून काढलेली दिसत नाहीत. जून नको. नोव्हेंबर. दिवाळीचा फराळ संपला की त्यांना येऊ द्या.

कारण सरळ आहे. शरीर ऊन सोसायला शिकतं, पण हळूहळू. नेहमीपेक्षा जास्त उष्णतेत गेल्यावर घाम लवकर यायला लागणं, घामातून मीठ कमी जाणं, ही सगळी जुळवाजुळव व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात. नोव्हेंबरात आलेल्या माणसाला सोलापूर एकेक पायरीने वर चढवतं. डिसेंबरात दुपारी ३० अंश, फेब्रुवारी सरता सरता ३३-३४, होळीला ३६-३७, एप्रिलात ३९ आणि मग मे. जूनमध्ये उतरलेला माणूस थेट गच्चीवरच पडतो. आपला जूनचा पहिला आठवडा म्हणजे अंगाची काहिली, वर ढग, खाली उकाडा आणि पाऊस नाही. मृग ७-८ जूनला लागतो खरा, पण त्याने पंचांग वाचलेलं नसतं. मुलाच्या डोळ्यासमोर जो पाऊस आहे ना, तो कोकणातला आहे. मोठ्या झालेल्या पोरांच्या आठवणीत सगळा पाऊस एकच होऊन जातो. सोलापूरच्या पावसाचं मी पुढे सांगते, त्याचं प्रकरण वेगळं आहे.

आता मे. जर्मनीत कमाल तापमान ३० वर गेलं की तिथलं हवामान खातं त्या दिवसाला ‘उष्ण दिवस’ म्हणून नोंदवतं. त्या हिशेबाने आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस उष्णच. डिसेंबर-जानेवारीतले आणि श्रावणातले काही तेवढे सुटतील. जर्मनीत आजवर मोजलेलं सर्वाधिक तापमान ४१.२ अंश, जुलै २०१९ मधलं. तो त्या देशाचा विक्रम. आपल्याकडे त्या तापमानाला मे महिन्यातला बुधवार म्हणतात. आपली मेची सरासरीच ४० च्या आसपास आहे, ४२-४३ झालं की ‘आज जरा जास्त वाटतंय’ म्हणायचं. आपलं हवामान खातं मैदानी गावात उष्णतेची लाट कधी जाहीर करतं? पारा ४० ला तर पोचायला हवाच, शिवाय तो सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वर हवा. नाहीतर सरळ ४५ व्हायला हवा. म्हणजे सोलापुरात ४१ अंशांना सरकारदरबारी लाट नसते, नुसता मे असतो. हे सुनेला असंच सांगा, हसत सांगा. पण सांगा.

पण ‘४१’ म्हटल्यावर तिला काय कळणार? हॅम्बुर्गच्या जुलैत दुपारी २२-२३ असतं. तिकडे ऊन पडलं की माणसं बाहेर पळतात, बागेत पाय पसरून ऊन खातात, पोरांचे कपडे काढून त्यांना मोकळं सोडतात. ऊन ही तिथे मेजवानी आहे. आपल्याकडे ऊन हा सावकार. आणि जर्मन लोकांत एक म्हण आहे, की हवा वाईट नसते, कपडे चुकीचे असतात. त्यांचं बरोबरच आहे. थंडीवर कपड्याने मात करता येते. एक काढा, दोन चढवा. उन्हाचं तसं नाही. एका मर्यादेपलीकडे काढायला काही उरत नाही. म्हणून बॅगेत काय भरू, हा तिचा प्रश्नच इथे लागू पडत नाही. आपण हवेशी कपड्याने नाही, घड्याळाने जुळवून घेतो. हे एक वाक्य तिला कळलं तर बाकी सगळं ती आपोआप शिकेल.

घड्याळ म्हणजे काय ते तिला तुमच्या घरातलंच सांगा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दोन दिवस असतात. एक पहाटे साडेपाच ते दहा, दुसरा संध्याकाळी सहा ते रात्री अकरा. मधला वेळ आपला नाही. भाजी, बँक, दळण, दवाखाना, सगळं दहाच्या आत. बारानंतर नवी पेठेत चला, दुकानदार पंख्याखाली डुलकी काढत असतो. बाहेरून आलेल्या माणसाला हा आळस वाटतो. मुलाचं कामही जर्मन वेळेवर चालणार असेल तर तुमचं फावलंच: तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा. पहाट पोराला, दुपार कामाला. इतका सोयीचा हिशेब मुद्दाम बसवूनही बसत नाही.

खिडक्यांवरून तुमची भांडणं होतील, हे आत्ताच सांगून ठेवते. जर्मन घरात दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून हवा खेळवायची पद्धत आहे, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. ती सवयीने अकरा वाजता खिडकी उघडणार आणि तुमच्या पोटात गोळा येणार. रागावू नका, कारण सांगा: बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असेल तेव्हाच खिडकी उघडायची. म्हणजे रात्रभर उघडी, सकाळी नऊला बंद, पडदा ओढलेला. मग संध्याकाळी सातनंतर पुन्हा उघडी. आपल्या जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरांना हातभर जाडीच्या भिंती आणि इवल्याशा खिडक्या असायच्या, त्या उगीच नव्हत्या. आपण त्या पाडून काचेच्या मोठाल्या खिडक्या केल्या, वर स्लॅब टाकला आणि आता एसीचं बिल भरतो. असो.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या वरच्या खोलीत हॉलंडची एक मुलगी राहिली होती, हातमागाचा अभ्यास करायला आलेली. एप्रिलच्या शेवटी आली. पहिल्याच सकाळी तिने धुतलेला टॉवेल गच्चीवर वाळत घातला आणि दाढी करायला लागावा तेवढ्या वेळात तो वाळून पापडासारखा कडक झाला. तिला त्याचं इतकं अप्रूप वाटलं की टॉवेल हातात उभा धरून तिने सगळ्या घराला दाखवला. आम्हीही हसलो, आणि तिथेच चुकलो. दुसऱ्या दिवशी दीड वाजता ती कपडे आणायला अनवाणी वर गेली. चार पावलं गेली असेल. तिथून तिला धड पुढेही जाता येईना आणि मागेही. किंकाळी ऐकून मी धावले तर ती एका वाळत्या चादरीवर उभी होती, दोरीवरून ओढून पायाखाली घेतलेल्या. दोन्ही तळव्यांना फोड. गच्ची तापते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याला ते कळायच्या आधीपासून माहीत असतं, म्हणून सांगायचं सुचत नाही. तुमच्या नातवासाठी उंबऱ्याशी चपलांचा एक जोड कायम ठेवा. घसरगुंडीचा पत्रा, गाडीची सीट, बेल्टचं बक्कल, दुपारचा नळ, सगळ्याला आधी मोठ्याने हात लावून बघायचा. नळाचं तर विशेष सांगते. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मेमध्ये दुपारी इतकं तापतं की ‘गार’ नळाला चहाचं पाणी येतं. पोराच्या अंघोळीची बादली आदल्या रात्री भरून ठेवायची. नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, हेही सांगा आणि ते कधी येतं ते वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा. शॉवरखाली पंधरा मिनिटं उभं राहायची सवय असलेल्या माणसाला हा धक्का उन्हापेक्षा मोठा असतो.

एसी घ्या. पोर झोपतं त्या एका खोलीला, २६-२७ वर लावायचा. बाकी घराला कूलर पुरे. आपल्या उन्हाळ्याची एकच चांगली गोष्ट आहे, हवा कोरडी असते. कूलरच्या गवतातून पाणी उडून जाताना उष्णता ओढून घेतं, माठ झिरपतो तेही त्याच न्यायाने. म्हणूनच मुंबईत कूलर कुचकामी आणि सोलापुरात राजा. फक्त कूलर लावला की समोरची खिडकी बोटभर उघडी हवी, नाहीतर ओल आतच कोंडते आणि अंग चिकट होतं. आणि पावसाला सुरुवात झाली की कूलर बंद, टाकी कोरडी. त्या टाकीत डेंग्यूचे डास मजेत वाढतात.

पोराच्या तब्येतीचं. कोरड्या उन्हात घोळणा फुटतो, याची तिला आधी कल्पना द्या, नाहीतर गोऱ्या पोराच्या नाकातून रक्त बघून घरात आकांत होईल. आपल्याकडे डोकं मागे करून टाळूवर पाणी मारतात, कांदा हुंगवतात. कांदा हुंगवायचा तर हुंगवा, पण डोकं मागे नको, रक्त घशात उतरतं. बसवून, थोडं पुढे वाकवून, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. घामोळं येईल, त्याला सैल सुती कपडा आणि दिवसातून दोनदा अंघोळ. पाणी तहान लागायची वाट न बघता पाजायचं. शू पिवळीजर्द होतेय का यावर सुनेने लक्ष ठेवायचं, ती खूण कुठल्याही भाषेत कळते. ताक, पन्हं, सब्जा घातलेलं सरबत, सगळं द्या, पण बाहेरचा बर्फाचा गोळा पहिलं वर्ष नको. आणि एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांनी पाठ करायची: अंग तापलेलं आहे आणि माणूस असंबद्ध बोलतोय, ग्लानीत जातोय किंवा झटका येतोय, तर ते ‘ऊन लागलं’ म्हणून कैरीचा गर चोळत बसायचं नाही. ओल्या पंच्याने अंग गार करत थेट दवाखाना.

तिला अंगभर कपडे घालायला सांगावं लागेल. ऊन आहे म्हणून ती बिनबाह्यांचं घालणार, आणि शेजारणींना वाटेल हे संस्कारांचं प्रकरण आहे. तसं ते नाही. आपल्या पोरी स्कूटरवर बसताना चेहरा, मान, हात स्कार्फ आणि सनकोटने गुंडाळतात, नुसते डोळे बाहेर. पहिल्यांदा बघणाऱ्याला दरोडेखोरांची टोळी वाटावी. सुनेला तुमच्या ओळखीच्या एखाद्या कॉलेजातल्या पोरीकडून तो स्कार्फ बांधायला शिकवा. सासूने सांगण्यापेक्षा ते लवकर पटतं. जर्मनीहून आणायचं ते फक्त तिच्या कातडीला मानवणारं सनस्क्रीन आणि पोराची नेहमीची औषधं. सुती कपडे, पंचे, चादरी सोलापुरात येताना बॅगेतून आणणं म्हणजे पंढरपूरला बुक्का नेणं.

चादरीवरून आठवलं. मेमध्येही गच्चीवर झोपायचा बेत एकदा तरी करा. सातला गच्चीवर पाणी शिंपडायचं, वाफ निघून जाऊ द्यायची, दहाला सतरंज्या टाकायच्या. पहाटे चारला नातू चादर ओढून घेईल. कोरड्या हवेचा आणि वर मोकळ्या आभाळाचा हा गुण आहे, दिवसाची उष्णता रात्री भराभर निघून जाते. दमट गावांत हे सुख नाही.

या सगळ्यात वळीव येतो. एप्रिल-मेच्या एखाद्या दुपारी चारला आभाळात काळं येतं, आधी धुळीची वावटळ, घरभर दारं आपटतात, मग टपोरे थेंब, कधी गारा. अर्ध्या तासात पारा दहा अंश खाली. पोरगं वेडं होईल, आणि होऊ द्या, पण विजा थांबल्यावर. विजा कडाडत असताना गच्ची नाही आणि झाडाखाली उभं राहणं तर नाहीच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं ॲप आहे, आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. ते सुनेच्या फोनमध्ये टाकून द्या. वळवानंतर दिवे जातात, तेव्हा इन्व्हर्टर भरलेला हवा.

आता मुलाचा पाऊस. त्याला विचारा, सोलापुरात जास्त पाऊस पडतो की हॅम्बुर्गमध्ये? तो छाती ठोकून एक उत्तर देईल आणि ते चुकेल, कारण दोन्हीकडे वर्षाचा पाऊस जवळपास सारखाच आहे, सातशेच्या पुढे काही मिलिमीटर. लंडन पावसासाठी एवढं बदनाम, पण तिथे आपल्यापेक्षा कमी पडतो. फरक वाटणीचा आहे. हॅम्बुर्गला तो बारा महिने चिमूट चिमूट मिळतो, महिना कुठलाही असो, छत्री बॅगेत असतेच. आपल्याला तोच पाऊस चाळीस-पन्नास दिवसांत उक्ता मिळतो, बाकी वर्षभर आभाळ कोरडं ठक्क. सह्याद्री आपल्या वाट्याचं पाणी वाटेतच उतरवून घेतो. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि तिथून पूर्वेला उतरत आलं की आपण, त्याच डोंगराच्या पाठीमागे पडलेले.

त्यामुळे जून-जुलैत आपल्याकडे पाऊस कमी आणि वारा जास्त. भुरभुर येते, जाते, ढग पळत राहतात. वारकरी पंढरीला पोचतात तेव्हाही बऱ्याचदा रस्त्यावर धूळच असते. पण हवा गार झालेली असते, ३१-३२, आणि जुलै-ऑगस्ट सुनेला फार आवडतील. आपला खरा पाऊस सप्टेंबरात. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे इकडे सरकतात आणि परतीच्या वाटेवरचा पाऊस गडगडाट करत येतो. उत्तरा, हस्त ही आपली नक्षत्रं. याच पावसाने काळ्या रानात ओल धरली की ज्वारीची पेरणी, आणि पुढे सगळी ज्वारी त्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर. पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती, हे इथे शोभेचं वाक्य नाही. मुलाला पाऊसच दाखवायचा असेल तर गणपती ते दसरा दाखवा. मात्र तो कधी कधी अति होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेचं पाणी बघितलंच आपण, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने काय केलं तेही. त्या दिवसांत पूल, ओढे ओलांडून कुठे जायचं नाही, एवढं पुरे.

हवेत ओल किती आहे हे सुनेला यंत्राशिवाय कळेल. कडक भाकरीची एक चळत डब्याबाहेर ठेवा. एप्रिलमध्ये आठवडा झाला तरी हात लावला की कडाकड मोडते. ऑगस्टमध्ये संध्याकाळपर्यंत कातड्यासारखी लवते. नातवाला रोज सकाळी भाकरी मोडून बघायचं काम द्या, शेंगाची चटणी सोबत. या काळात पाणी उकळून, पोटाला जपून, आणि मच्छरदाणी सोडायची नाही.

ऑक्टोबरचं दोन ओळींत. ती त्याला शरद ऋतू म्हणून पानगळ शोधेल आणि तिला चटका मिळेल. पानगळ आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि कडुलिंबाला तांबूस कोवळी पालवी फुटते ती ऊन चढत असताना, पाडव्याच्या सुमारास. सगळ्यात करपलेल्या मे महिन्यात गुलमोहर लालभडक. झाडांचं हे उलटं वेळापत्रक तिला आवडेल, माझ्या त्या हॉलंडच्या मुलीने तर वहीभर चित्रं काढली होती.

एक गोष्ट तिला खटकेल आणि ती का खटकतेय हे तिलाही कळणार नाही, म्हणून सांगते. उजेड. हॅम्बुर्गला जूनमध्ये सूर्य रात्री पावणेदहाला मावळतो आणि डिसेंबरात दुपारी चारला. उन्हाळा म्हणजे लांबलचक उजेडाची संध्याकाळ, हे तिच्या अंगात मुरलेलं आहे. आपल्याकडे वर्षभर सूर्य पावणेसहा ते सातच्या दरम्यान मावळतो, आणि संधिप्रकाश अर्धा तासही टिकत नाही. भर उन्हाळ्यात सात-सव्वासातला अंधार बघून तिला दिवस कुणीतरी चोरल्यासारखा वाटेल. पहाटे उठायला लागली की हिशेब चुकता होतो. कंबर तलावाला सकाळी सहाची एक फेरी त्यासाठी बरी.

आणि थंडी. इथे उलट तुम्हालाच सांभाळायचं आहे. डिसेंबरच्या पहाटे १४-१५ अंश म्हणजे तुमच्या यजमानांना मफलर, तुम्हाला शाल आणि सुनेला हॅम्बुर्गचा सुखाचा उन्हाळा. पोरगं अर्ध्या चड्डीत अंगणात पळेल. गल्लीतली प्रत्येक बाई थांबून विचारेल, ‘अगं, लेकराला टोपी नाही घातली?’ तुम्ही त्याला कानटोपी घालू नका. घामाघूम होऊन तेच आजारी पडेल. गड्ड्याची जत्रा त्यांनी जानेवारीत अर्धवट पाहिली असेल तर या वेळी नंदीध्वज, अक्षता आणि शोभेचं दारूकाम सगळं दाखवा, आणि कुणाच्या तरी रानात हुरडा. महिनाभर तरी तिला वाटेल की ही काळजी करणारी सासू कशाबद्दल बोलत होती. शिवरात्रीला थंडी शिव शिव करत गेली, की कळेल.

महाबळेश्वराचं म्हणाल तर दोन महिने नको. मेमध्ये आठ-दहा दिवस सगळे मिळून जा, तुम्हीसुद्धा. सुनेला दोन महिने डोंगरावर ठेवून तुम्ही इथे घामाने भिजत बसलात, तर ती सोलापुरात राहिली असं म्हणता येणार नाही, आणि ती काही पाहुणी म्हणून येत नाहीये.

एकदा तरी ती वैतागेल. मेच्या कुठल्यातरी दुपारी, दिवे गेलेले असताना, ‘कसं राहता तुम्ही इथे’ असं म्हणेल. ते तुम्हाला उद्देशून नसतं. आपणही तेच म्हणतो, फक्त मराठीत म्हणतो आणि शेवटी ‘बे’ लावतो. तिला माठातलं पाणी द्या आणि म्हणा, खरंय.

नातवासाठी एक काम मात्र राखून ठेवा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर येतो. हॅम्बुर्गला हे कधीच होत नाही, तिथे डिसेंबरात तर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम वर असतो आणि सावल्या लांबच लांब पडतात. साधारण १० तारखेच्या आसपास, दुपारी बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी, एक तांब्या गच्चीवर उभा ठेवा. त्याची सावली त्याच्याच बुडाखाली जाते. पोराला शेजारी उभं करा आणि त्याला त्याची सावली शोधायला सांगा. दोन मिनिटांचा खेळ आहे, लगेच खाली या. आणि वर जाताना चपला घाला, दोघांनीही.